कमल सिस्टरचे तीन मिनिटांचे निरोप

मंगळवारची सकाळ होती. चर्चच्या घंटेचा दोर कुजला होता म्हणून मी शिडी लावून नवा दोर ओवत होतो, तेवढ्यात खिशातला फोन वाजला. एका हातानं शिडी धरून दुसऱ्या हातानं तो कानाला लावला. पलीकडं स्नेहल होती, कमल सिस्टरची मुलगी. "काका, आई गेली... आत्ताच, साडेनऊला," एवढंच म्हणाली आणि मग दवाखान्यातले मागचे आवाज ऐकू येत राहिले. कुणाच्या तरी चपला, कुठली तरी ट्रॉली. ती रडत नव्हती.  मी शिडीवरून उतरलो, पायरीवर बसलो. दोर अर्धा आत, अर्धा बाहेर लोंबत राहिला.

शेवगाव तालुक्यातल्या एका लहान गावात मी बावीस वर्षं पाळक आहे. मंडळीत कुणी गेलं तर ती बातमी सगळ्यांना कळवायची असते, आणि गेली सहा वर्षं ते काम कमल सिस्टर करायच्या. आमच्या व्हॉट्सॲप गटावर त्या चार ओळी टाकायच्या. कोण गेलं, कुठं गेलं, दफनविधी किती वाजता, घरी कोण कोण आहे. विशेषणं नाहीत, आजाराचं नाव नाही, फुलांची चौकट नाही. आता त्यांचीच बातमी टाकायची होती आणि ती मला टाकायची होती. "आपल्या सर्वांच्या लाडक्या" असं लिहिलं, पुसलं. "प्रभूची विश्वासू सेविका" असं लिहिलं, तेही पुसलं. गटातली निम्म्याहून जास्त माणसं त्या वेळी उसाच्या फडात होती. कुणी सांगली-कोल्हापूरकडं, कुणी कर्नाटकात, कुणी श्रीगोंद्याच्या बाजूला. हातात कोयता असताना कमरेला खोचलेला फोन वाजणार आणि ती बातमी अशी त्यांच्या अंगावर पडणार... मी फोन खिशात ठेवून दिला. ही बातमी गटावर टाकायची नाही एवढं ठरवलं. तसं का ठरवलं, ते सांगायला मला सहा वर्षं मागं जावं लागेल.

कमल सिस्टर आमच्याच गावच्या. नगरला नर्सिंग शिकल्या आणि तिथंच एका मिशन दवाखान्यात चौतीस वर्षं काढली. यजमान लवकर वारले, मुलगी पुण्यात नोकरीला लागली. निवृत्त झाल्यावर मुलीकडं जाण्याऐवजी त्या आईच्या पत्र्याच्या दोन खोल्यांत राहायला आल्या. बांधा बारीक, चालणं भराभर, आणि बोलताना समोरच्याच्या मनगटावर हात ठेवायची सवय. नाडी बघतायत की माया करतायत, कळायचं नाही. पहिल्यांदा उपासनेला आल्या तो दिवाळीनंतरचा रविवार होता. चर्चमध्ये मी धरून चौदा माणसं. बहुतेक म्हातारी, चार-पाच शाळकरी पोरं. उपासना संपली तशा त्या पुढं आल्या. "सलाम, पाळकसाहेब. बाकीची मंडळी कुठंय?"

"उसाला गेली. दसऱ्यानंतर टोळ्या निघतात, त्या आता पाडव्याच्या पुढं-मागं येतील."

"म्हणजे निम्मं वर्ष तुमची मंडळी तिकडं आणि तुम्ही इकडं."

मला ते लागलं. आमच्या भागात पाऊस असा नसतोच, माणसं जाणारच. आजोबा-पणजोबांपासून चालत आलेलं. मी म्हणालो, "सिस्टर, मी काय प्रत्येक कारखान्यावर जाऊ?" त्या म्हणाल्या, "तुम्ही नका जाऊ. आवाज पाठवा." आणि पिशवीतून आपला मोबाईल काढून दाखवला.

मी सरळ नाही म्हणालो. खोटं कशाला सांगू, मला त्या वस्तूची चीड होती. तरुण पोरं उपदेशाच्या वेळी मांडीवर तो ठेवून काय बघत बसतात ते मला व्यासपीठावरून दिसायचं. देवाचं वचन त्याच काचेवरून जाणार, ज्याच्यावरून नाच आणि भांडणं जातात, ही कल्पनाच मला सोसेना. सिस्टरांनी वाद घातला नाही. पुढच्या आठवड्यात त्यांनी माझ्या परवानगीशिवाय मंडळीचा व्हॉट्सॲप गट काढला आणि आपल्या स्वयंपाकघरात बसून त्यावर पहिला निरोप बोलून पाठवला. तो मी नंतर ऐकला. एक लहानसं वचन, दोन वाक्यांची प्रार्थना, आणि मग गावची खबर: शांतवनच्या आईचा ताप उतरला, मळ्यातल्या बोअरला पाणी टिकून आहे, लोखंड्यांच्या गायीला कालवड झाली, सहावीच्या पोरांची चाचणी परीक्षा झाली आणि कुणी नापास नाही. मधेच कुकरची शिट्टी. शेवटी एका आजीला बोलायला लावलं होतं. आजी फोनला इतकी घाबरली होती की नुसती "व्हय... व्हय..." म्हणत राहिली, आणि मग एकदम म्हणाली, "जेवत जा रं."

दुसऱ्या दिवशी कर्नाटकातल्या फडावरून त्या आजीच्या मुलाचा फोन सिस्टरांना आला. चाळीस वर्षांचा गडी. बोलायचं सोडून नुसता हुंदके देत होता.

मग ते रोजचं झालं. संध्याकाळी बोलून ठेवायचं, पहाटे पाचला पाठवायचं, कारण त्यानंतर माणसं फडात शिरतात. एका बाईनं कळवलं, "सिस्टर, थोडक्यात बोलत जा, बांधावर गेल्याबिगर रेंज येत न्हाई, अन् लई येळ हुबं राह्यलं तर मुकादम वरडतो." तेव्हापासून निरोप तीन मिनिटांचा झाला. त्यात उपदेश किती आणि गावची खबर किती, यावरून मी कुरकुर करायचो. त्या म्हणायच्या, "पाळकसाहेब, ज्याचं लेकरू इथं आजीपाशी ठेवलेलं आहे, त्याला आधी लेकराचा आवाज द्या. मग तो देवाचं ऐकेल." पोरांना दारात बसवून त्या एकेकाकडून गाणं म्हणून घ्यायच्या, पाढे म्हणून घ्यायच्या. एकदा एका पोरानं नुसताच पडलेला दात दाखवायचा हट्ट धरला. आवाजात दात कसा दाखवणार? तर त्याच्याकडून "स" म्हणून घेतलं. तिकडं त्याची आई म्हणे दिवसभर हसत होती.

त्या वर्षीच्या नाताळाला मी नमलो. सिस्टरांच्या आग्रहाखातर उपासना फेसबुकवरून थेट दाखवायची ठरली. मोबाईल वेदीसमोरच्या खुर्चीवर गाण्यांच्या पुस्तकांच्या चवडीला टेकवून ठेवला होता. पहिल्या गाण्यालाच तो आडवा पडला आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. माझा अख्खा उपदेश माणसांनी चर्चच्या पत्र्याकडं आणि एका पंख्याकडं बघत ऐकला. मला फार लाज वाटली. पण दुपारी गटावर एक फोटो आला. एका कोपीवर, म्हणजे उसाच्या पाचटाच्या त्यांच्या खोपटावर, वाढ्यांच्या, उसाच्या शेंड्यांवरल्या हिरव्या पात्यांची विणलेली चांदणी टांगली होती. खाली आमच्या मंडळीची अकरा माणसं, अंगावर त्यातल्या त्यात चांगले कपडे, आणि मधे बादलीवर ठेवलेला मोबाईल. त्या मोबाईलभोवती बसून त्यांनी आमच्याबरोबर उपासना केली होती. खाली लिहिलं होतं, "पाळकसायब, पंखा चांगला हाय. पुढल्या साली तुमी पन दिसा." फोटो बघता बघता मी आत निघून गेलो. तोवरच्या सोळा वर्षांत नाताळाच्या दिवशी ही माणसं काय करत असतील असा प्रश्न मी कधी स्वतःला विचारला नव्हता.

माणूस उशिरा जागा झाला की जरा जास्तच पळतो. माझं तसं झालं. मला लिहायची हौस होती, कॉलेजात असल्यापासून. मी मंडळीचा ब्लॉग काढला. स्नेहलनं पुण्याहून तो उभा करून दिला. त्यावर माझे उपदेश पूर्णच्या पूर्ण टाकू लागलो. महिन्याभरानं सिस्टरांना विचारलं, कसं वाटतं? त्या माझ्या मनगटावर हात ठेवून म्हणाल्या, "कुणी वाचत नाही. मीसुद्धा अर्ध्यात सोडते." मग त्यांनीच सुचवलं की म्हाताऱ्यांच्या आठवणी लिहा. चर्चचे दगड बैलगाड्यांतून कसे आणले, दुष्काळात एका वर्षी सगळ्या गावानं एकाच विहिरीचं पाणी कसं वाटून घेतलं, जुनी गाणी कोणत्या चालीवर म्हणत. आम्ही दोघं घरोघर फिरलो. त्या बोलतं करायच्या, मी लिहून घ्यायचो. त्या लेखांना मात्र मुंबईहून, नागपूरहून, कुठल्या कुठल्या देशातून उत्तरं आली. गाव सोडून गेलेल्यांची नातवंडं विचारू लागली, आमची पणजी तुमच्या रजिस्टरात आहे का बघा. मला त्याची गोडी लागली. सकाळी उठल्यावर प्रार्थनेच्या आधी मी किती जणांनी वाचलं ते बघू लागलो. हे लिहितानाही मान खाली जाते.

आणि मग सविताचं प्रकरण घडलं.

सविता आमच्या मंडळीतली, चोवीस वर्षांची. लग्न होऊन दोन वर्षं झालेली, नवऱ्याबरोबर एका दूरच्या कारखान्यावर ऊसतोडीला. तिला दिवस गेले होते आणि ते तिनं अजून कुणाला सांगितलं नव्हतं. मोळी उचलताना फडातच तिचा गर्भ पडला. सासूला कळलं तर आपल्यावरच ठपका येईल म्हणून तिनं तेही लपवलं. फक्त कमल सिस्टरांना एकांतात निरोप पाठवला. औषध काय घेऊ, आणि माझ्यासाठी प्रार्थना करा. सिस्टरांनी तिला जवळच्या दवाखान्यात जायला लावलं, आणि मला येऊन म्हणाल्या, "आपल्या सवितासाठी प्रार्थना करा. पोटचं गेलं तिचं." त्यांना वाटलं, पाळकाच्या कानात घातलेलं देवापाशी जातं. मी ते ब्लॉगवर नेलं. हेतू वाईट नव्हता. सगळ्या मंडळीनं प्रार्थना करावी, फडातल्या बायकांचे हाल लोकांना कळावेत, असं मी स्वतःला सांगितलं. पण शब्द जुळत गेले तसतसा मला लेखाचाच मोह पडला. "उसाच्या फडात एका आईचे अश्रू" असा मथळा दिला. आडनाव लिहिलं नाही, पण सविता हे नाव लिहिलं, कारखान्याचं ठिकाण लिहिलं, आणि मोळ्या वाहणाऱ्या बायकांचा गटावरचा एक फोटो लावला. त्यात ती कडेला उभी होती.

आधीच्या कुठल्याही लेखापेक्षा तो जास्त फिरला. तिसऱ्या दिवशी मी सिस्टरांना आनंदानं दाखवायला गेलो. त्या उंबऱ्यात बसून मेथी निवडत होत्या. चष्मा लावून त्यांनी शेवटपर्यंत वाचलं. मग फोन माझ्या हातात न देता जमिनीवर ठेवला.

"तिला विचारलं होतं?"

मी मान हलवली. नाही.

"चौतीस वर्षं दवाखान्यात काढली मी. पेशंटचं नाव कधी वॉर्डाच्या दाराबाहेर नेलं नाही. तुमच्याकडं आणलं, कारण तुम्ही पाळक..." मग मेथीची एक काडी मोडत म्हणाल्या, "माझंच चुकलं."

त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी लेख त्याच मिनिटाला काढून टाकला. पण तोवर तो फोनाफोनांतून पुढं गेला होता, आणि त्याच संध्याकाळी सविता गटातून बाहेर पडली. तिच्या सासूला शेजारच्या टोळीतल्या कुणीतरी वाचून दाखवलं होतं. सगळ्या तळावर बोभाटा झाला. नवऱ्यानं तिचा फोन काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं आम्ही दोघं निघालो. दोन गाड्या बदलल्या, शेवटचा रस्ता एका टेम्पोत मागं बसून गेलो.  तळावर पोचलो तेव्हा दुपार कलली होती. सविता कोपीपुढं बसून वाढ्यांच्या पेंढ्या बांधत होती. आम्हाला बघून उठली नाही. मी वाटेत पाठ केलेलं सगळं बोललो. चूक झाली, माफ कर, मनात वाईट नव्हतं. ती पेंढी आवळता आवळता म्हणाली, "तुमच्या मनात वाईट नसंल, पाळकसायब. पन मला इचारलं का?"

"नाही."

"माझं दुख माझं हुतं. तेवढंच एक माझं हुतं. आता ते समद्यांचं झालं."

 तिचा नवरा लांब उभा राहून बघत होता. जवळ आला नाही.  सिस्टर तिच्याशेजारी खाली बसल्या आणि पेंढ्या बांधायला लागल्या. त्यांना ते नीट जमत नव्हतं. सविता त्यांची प्रत्येक पेंढी सोडायची आणि पुन्हा बांधायची. तासभर असं चाललं. निघताना सिस्टरांनी तिच्या मनगटावर हात ठेवला, तिनं तो झटकला नाही, एवढंच. माझ्याकडं तिनं पाहिलं नाही.

त्यानंतर आम्ही ब्लॉग बंद ठेवला. मी तर म्हणालो, हे सगळंच सोडून देऊ. सिस्टर म्हणाल्या, "इंजेक्शन चुकलं म्हणून दवाखाना बंद करतात का? हात शिकवावा लागतो." त्यांनी नियम घातला. कुणाबद्दलही लिहिलेलं आधी त्या माणसाला वाचून दाखवायचं, आणि त्याच्या तोंडून होकार ऐकायचा. ज्याला वाचता येत नाही त्याला फोनवर ऐकवायचं. होकार देताना आवाज अडखळला तर तो होकार धरायचा नाही. प्रार्थनेच्या विनंत्या नावाशिवाय, नाहीतर मुळीच नाहीत. आजूबाजूच्या गावांतले पाळक अधूनमधून मला विचारायला येतात, तुमचा गट इतका चांगला कसा चालतो, कोणतं ॲप वापरता, कॅमेरा कुठला घ्यावा. मी त्यांना ही गोष्ट सांगतो. काही जण ऐकतात, काही जण कॅमेऱ्याचं पुन्हा विचारतात.

दोन वर्षांनी एका सकाळी सविता सिस्टरांच्या घरी आली, कडेवर दीड महिन्याची मुलगी घेऊन. त्या हंगामात ती उसाला गेली नव्हती, नवरा एकटाच गेला होता. सिस्टरांनी मुलीला तेल लावून दिलं, काजळाची तीट लावली, आणि नेहमीप्रमाणं विचारलं, "गटावर सांगू का ग?" सविता म्हणाली, "तुमी नगा सांगू. माझी बातमी मीच सांगनार." आणि तिनं सिस्टरांच्याच फोनवर, घाबरत घाबरत, आपल्या आवाजात सांगितलं की तिला मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत, नाव अजून ठेवायचं आहे. हे मला सिस्टरांनी सांगितलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. सविता पुन्हा चर्चला येऊ लागली. मला "सलाम" म्हणायची, तेवढंच. मीही जास्त बोलायला गेलो नाही.

गेल्या पावसाळ्यात सिस्टरांचं जेवण कमी झालं. हातातली बांगडी कोपरापर्यंत घसरायला लागली तेव्हा माझ्या बायकोनं हटकलं. त्यांना आधीच कळलं होतं. नगरला तपासण्या झाल्या, मग पुण्याला ऑपरेशन, आणि ऑपरेशननंतर डॉक्टर स्नेहलला बाहेर घेऊन काय बोलले ते त्यांनी बिछान्यावरूनच ओळखलं. मी भेटायला गेलो. म्हणालो, सिस्टर, गटावर तुमच्यासाठी प्रार्थना मागतो. सहा वर्षं तुम्ही सगळ्यांसाठी मागितली.

"मला विचारताय ना?"

"हो."

"मग माझं उत्तर नाही."

मी का म्हणून विचारलं. त्या डोळे मिटून बोलल्या. "ती माणसं फडात आहेत. त्यांना काम टाकून इथं येता येणार नाही, नुसता जिवाला घोर. आणि मी आजारी आहे म्हटलं की आपली दुखणी मला सांगायची थांबतील. बायका तशाच असतात... म्हणतील, सिस्टरला आता त्रास नको." मग डोळे उघडून हसल्या. "तुम्ही करा की प्रार्थना. एकट्यानं केलेली पोचत नाही काय?"

दवाखान्यातून त्या निरोप पाठवतच राहिल्या. गावची खबर माझी बायको फोनवरून द्यायची, त्या ती आपल्या आवाजात सांगायच्या. तीन मिनिटांचे दोन झाले, मग एक. फडावरून विचारणा यायची, "सिस्टर, पडसं झालं का?" त्या सांगायच्या, घसा बसलाय जरा. हे मला खुपायचं. पाळक म्हणून गप्प बसावं की बोलावं, ठरवता येत नव्हतं. त्यांनी नाही म्हटलं होतं आणि या वेळी मला ते पाळायचं होतं.

शेवटची भेट जानेवारीच्या अखेरीस झाली. बिछान्यात त्या फार लहान दिसत होत्या. म्हणाल्या, उद्याचा निरोप तुम्ही बोला. मी घसा साफ करून सुरू केलं, "प्रिय बंधुभगिनींनो..." त्यांनी हात वर केला. "उपदेशाचा आवाज नको. घरात बोलता तसं बोला." पुन्हा बोललो. पुन्हा हात वर. "अजून चर्चमध्येच आहात." चौथ्या खेपेला मी नुसतं सांगितलं की गावात गहू चांगला आलाय, शांतवनच्या आईनं दात बसवून घेतलेत आणि ती आता कुणाला ओळखू येत नाही. सिस्टर डोळे मिटून हसल्या. "हे पाठवा," म्हणाल्या. मग झोप लागली त्यांना. मी स्नेहलला खूण करून निघून आलो.

म्हणून त्या मंगळवारी मी पायरीवर बसून एकेका टोळीला फोन केला. दुपारचे अडीच वाजेपर्यंत फोनच करत होतो. काहींना रेंज नव्हती, त्यांच्या मुकादमाला निरोप दिला की जेवायच्या सुट्टीत त्यांना बांधावर पाठवा. प्रत्येकाला आधी विचारलं, जवळ कुणी आहे का, खाली बस. कुणी रडलं, कुणी चिडलं की आजार आम्हाला का सांगितला नाही. एक म्हातारा म्हणाला, "मंजे पडसं नव्हतं," आणि फोन ठेवून दिला. सविता त्या वर्षी पुन्हा नवऱ्याबरोबर गेली होती, मुलीला घेऊन. तिला फोन केला तेव्हा पलीकडं वारा वाहत होता. मग ती म्हणाली, "पाळकसायब, तुमी गटावर टाकायच्या आदी मला फोन केला, हे बरं केलं." पाच वर्षांत ती माझ्याशी बोललेलं पहिलं लांब वाक्य ते.

दफनविधीला पन्नासेक माणसं होती. आपला चेहरा कुणाला दाखवायचा नाही असं सिस्टरांनी लेकीला बजावलं होतं, म्हणून विधी थेट पाठवणारा मोबाईल बाकावर पालथा ठेवला. फडातल्यांनी फक्त गाणी ऐकली आणि माती पडल्याचा आवाज.

त्याला आता सात आठवडे झाले. टोळ्या परतू लागल्या आहेत. ईस्टरच्या आदल्या गुरुवारी दुपारी एक म्हातारं जोडपं चर्चच्या दाराशी आलं. पाथर्डीकडचं, आमच्या मंडळीतलं नव्हे, ख्रिस्तीही नव्हे. बाईंनी आपलं नाव सखूबाई सांगितलं. तीन हंगाम त्यांची कोपी आमच्या माणसांच्या कोपीशेजारी होती. पहाटे शेजारच्या फोनवर सिस्टर बोलायच्या, ते ऐकत ऐकत त्या चूल पेटवायच्या. "आमच्या गावची खबर त्यात नसायची," सखूबाई म्हणाल्या, "पन कुनाच्या तरी गावची हाय, तेवढं बरं वाटायचं." त्यांनी सिस्टरांना कधी पाहिलं नव्हतं. घर दाखवा म्हणाल्या. घराला कुलूप होतं, मग मी त्यांना दफनभूमीत घेऊन गेलो.

कबरीवर अजून दगड बसवलेला नाही. मातीचा उंचवटा आणि रंग दिलेला लाकडी क्रूस. सखूबाईंनी चपला लांब काढल्या. खाली बसल्या, मातीवर हात फिरवला, मोठी ढेकळं वेचून बाजूला ठेवली. त्यांचा नवरा डोक्यावरची टोपी हातात घेऊन उभा होता. जराशानं त्या मला म्हणाल्या, "तुमच्या त्या गटावर मला बोलायचं हाय. कसं बोलायचं?" मी फोन पुढं धरला, बटण दाबलं. फोनकडं न बघता त्या मातीकडं बघूनच बोलल्या.

"मी सखूबाई. आमी सिस्टरपाशी आलोय. जागा चांगली हाय. लिंबाची सावली पडती दुपारची. ढेकळं हुती ती मी काढली. कुनी काळजी करू नगा."

एवढंच. मी तो निरोप तसाच पाठवला. वर मथळा लिहिला नाही, खाली वचन जोडलं नाही. तिघं तिथंच सावलीत बसून राहिलो. थोड्या वेळानं फोन वाजू लागला. एकामागून एक निरोप येत होते. सखूबाई म्हणाल्या, "लावा की. तिलाबी ऐकू द्या." मी फोन मातीवर ठेवला आणि पहिला निरोप लावला.